तुरटीसाहेबांचा चार फुटी समुद्र

पाण्याचा पेला हातात आला की आधी तो उजेडाकडे धरायचा, एक डोळा बारीक करायचा, पेला हळूच गोल फिरवायचा आणि मगच तोंडाला लावायचा, ही तुरटीसाहेबांची एकतीस वर्षांची सवय. घरच्यांना तिचं काही वाटेनासं झालं होतं, पण साहेब दुसऱ्याच्या घरीही हेच करत. लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदा व्याह्यांकडे गेले, तेव्हा व्याहीणबाईंनी स्वतःच्या हाताने आणून दिलेला पेला त्यांनी खिडकीशी नेऊन तपासला आणि "चालेल" असा निकाल देऊन प्यायले. त्या दिवसापासून व्याहीणबाई त्यांना पाण्यात पाहतात. यावर साहेबांचं म्हणणं एवढंच, की पाण्यात पाहायचंच तर निदान पाणी स्वच्छ असावं.

साहेब पाणीखात्यात केमिस्ट होते. शहराला जाणारं सगळं पाणी ज्या फिल्टर हाऊसमधून जातं, तिथे त्यांनी एकतीस वर्षं काढली. नदीला पूर आला आणि चहासारखं पाणी आत यायला लागलं, की बाकीचे प्रयोगशाळेत काचेची भांडी मांडून बसायचे. साहेब मात्र दोन बोटं पाण्यात बुडवून चोळायचे आणि किती तुरटी घालायची ते सांगून मोकळे व्हायचे. अर्ध्या तासाने प्रयोगशाळेतून तोच आकडा यायचा. म्हणून खात्यातल्यांनी त्यांचं 'तुरटीसाहेब' हे नाव ठेवलं. "अख्ख्या शहराला पाणी पाजलंय मी," असं साहेब छाती काढून म्हणत. बायको म्हणे, "आम्हाला पाजू नका म्हणजे झालं."

पण निवृत्त झाल्यावर पाजायला उरली ती बायकोच. पहिल्या महिन्यात साहेबांनी गच्चीवरची टाकी दोनदा धुतली. दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्यांची धुतली, तीही शेजारी आंघोळीला बसलेले असताना. तिसऱ्या महिन्यात फुलदाणी, इस्त्री आणि बायकोच्या गुडघ्यावरची गरम पाण्याची पिशवी यांच्यातल्या पाण्याची तपासणी सुरू झाली, तेव्हा तिने हात टेकले आणि लेकीला फोन करून सांगितलं, "यांना दिवसा कुठेतरी ठेवून घे." प्रवासाला जाताना शेजारणीकडे कुंडी ठेवावी, त्या सुरात.

लेक दातांची डॉक्टर. तिने नुकताच दवाखाना मोठ्या जागेत हलवला होता. पेशंट बाहेर बसल्या बसल्या आतल्या यंत्राचा आवाज ऐकून निम्मे मरतात, हा तिचा अनुभव. म्हणून बसायच्या खोलीत तिने माशांची टाकी करायची ठरवली होती. साधी नाही, खाऱ्या पाण्याची. चार फूट लांब, आत समुद्रातले दगड, वाळू आणि रंगीत मासे. ती वडिलांना म्हणाली की मासे आणायचे तर आधी पाणी तयार हवं, आणि पाण्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं? तिने त्यांना दवाखान्याची किल्ली दिली आणि टाकीशेजारी एक खुर्ची दिली. अट एकच होती. महिनाअखेरपर्यंत टाकी बघण्यासारखी झाली नाही, तर ती जाणार आणि तिथे टीव्ही लागणार.

टाकी गेली तर खुर्चीही जाणार, हे कुणी बोललं नाही, पण साहेबांना कळलं होतं. टीव्हीला राखणदार लागत नाही. तीन महिन्यांनी त्यांना सकाळी साडेनऊला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेर पडायला कारण मिळालं होतं. "कुठे निघालात?" असं जिन्यात कुणी विचारलं, तर "कामावर" असं सांगता येत होतं. हे सुख त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. तिला ते न सांगता दिसत होतं आणि तिचं सुख वेगळंच होतं.

टाकी ज्या बाईंकडून आली, त्यांना साहेबांनी पहिल्याच दिवशी 'समुद्रवाली' हे नाव दिलं. समुद्र तिथून दिवसभराच्या प्रवासावर. पण या बाई पिशवीतून मीठ आणून, गोड्या पाण्यात ढवळून, हवा तेवढा समुद्र जागेवर करून देत. पन्नाशीची, भरल्या अंगाची, कमी बोलणारी बाई. तिने सगळं मांडून दिलं आणि सांगितलं की आता रोज सकाळी चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं.

साहेबांनी विचारलं, मासेच नाहीत तर खाणार कोण?

"कुणी नाही. सडेल," समुद्रवाली म्हणाली.

"आणि मग?"

"मग जंतू होतील."

घरात नातवंडं होतील असं सांगावं, इतक्या कौतुकाने तिने ते सांगितलं. ज्या माणसाने एकतीस वर्षं जंतूंना शहराच्या वेशीवर अडवलं, त्याच्यापुढे. मासे पाण्यात घाण करतात, ती घाण खाऊन पचवणारे जंतू आधी पाण्यात हवेत, ते फिल्टरच्या स्पंजात आणि चिनीमातीच्या पोकळ कड्यांत बिऱ्हाड करतात, म्हणून महिनाभर फिल्टरला हात लावायचा नाही, असं तिने डॉक्टरांना आणि साहेबांना समोर बसवून सांगितलं. साहेबांनी मान हलवली. पण ती सूचना सर्वसामान्य लोकांसाठी आहे, हेही त्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

चार दिवस पाणी छान होतं. पाचव्या दिवशी साहेबांनी दार उघडलं, तर टाकीत कुणी लोटाभर दूध ओतावं तसं झालेलं. दगडसुद्धा दिसेनात. साहेब घाबरले नाहीत. फिल्टर हाऊसचा नियम त्यांच्या रक्तात होता: पाणी गढूळ म्हणजे फिल्टर तुंबला, आणि फिल्टर तुंबला म्हणजे धुवा. संध्याकाळी लेक शेवटच्या पेशंटपाशी आत होती तेवढ्यात त्यांनी स्पंज आणि कड्या काढल्या, हात धुवायच्या बेसिनशी नेल्या आणि नळ मोठा सोडून, खालून निघणारं पाणी काचेसारखं होईपर्यंत धुतल्या. दुसऱ्या दिवशीही पाणी दुधाळच. म्हणजे धुणं कमी पडलं. त्या संध्याकाळी त्यांनी दुप्पट वेळ धुतलं.

असे तीन आठवडे गेले. सकाळी लेक चिमूटभर खाणं टाकायची, संध्याकाळी बाप फिल्टर धुवायचा, आणि पाणी ढिम्म. स्पंज असा पांढरा झाला की व्याहीणबाईंना दाखवावा. एकदा तर साहेब खिशातली तुरटीची वडी मुठीत घेऊन टाकीपर्यंत पोचले होते. पण खोलीत एक पेशंट बघत बसले होते, म्हणून ती वडी दोन्ही गालांना लावून, आत्ताच दाढी केल्यासारखा चेहरा करून ते मागे फिरले.

ते पेशंट म्हणजे कवळीवाले आजोबा. त्यांची नवी कवळी काही केल्या बसत नव्हती, त्यामुळे आठवड्यातून दोनदा त्यांची फेरी असे. आले की आधी टाकीत डोकावत.

"काय साहेब, गाळ बसला का?"

"तुमची कवळी बसली का?" साहेब विचारत.

"नाही."

"मग गाळ तरी का बसेल?"

इथवर गंमत होती. पण बाकीचे पेशंट गंमत करत नव्हते, आपसात कुजबुजत होते. एका बाईंनी तर लेकीला तोंडावर विचारलं, की बाहेर टाकीत हे असं पाणी, तर आत गुळण्यांना कुठलं देता? लेकीने त्यांच्यासमोर बाटलीचं सील फोडलं, तरी त्या बाईंनी पेला उजेडाकडे धरून बघितला. साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा ही कृती दुसऱ्या बाजूने बघायला मिळाली, आणि ती काही फारशी चांगली दिसत नाही, हे लक्षात आलं.

त्या रात्रीच्या जेवणाला लेक माहेरी होती. तिने विचारलं, बाबा, नक्की बिघडलंय काय? साहेबांनी घास गिळला आणि म्हणाले, "मला वाटतं, त्या मिठातच पाणी मुरतंय." हलकं मीठ असणार, भेसळ असणार, बाईंच्या बोलण्यावरूनच शंका येत होती. एकदा बोलायला लागल्यावर साहेबांना स्वतःचं म्हणणं फारच पटत गेलं. बायको आमटी वाढताना एवढंच म्हणाली की एकतीस वर्षांत यांच्या हातून कधी चूक झाली नाही, जी झाली ती नदीची. लेक मात्र गंभीर झाली. तिने ठरवून टाकलं: शनिवारी समुद्रवालीला टेम्पो घेऊन बोलवायचं, टाकी परत द्यायची, आणि आणखी दोन डॉक्टर मैत्रिणी त्याच बाईंकडून टाक्या घेणार होत्या, त्यांनाही वेळीच सावध करायचं.

साहेबांना हवं होतं ते हे नव्हतं. त्यांना मिठावर खापर फोडायचं होतं, खुर्चीवर नाही.

शनिवारी समुद्रवाली आली. तिने भांडण केलं नाही. टाकीपुढे वाकली, वास घेतला, मागचं झाकण उचललं आणि फिल्टरमधला स्पंज बाहेर काढला. पांढराशुभ्र. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि साहेबांकडे पाहिलं.

"हा नवा घातलात का?"

"नाही, तोच आहे तुम्ही दिलेला." साहेबांना राहवलं नाही. "रोज धुतो."

"कशाने?"

"नळाच्या पाण्याने. आमच्या फिल्टर हाऊसचं पाणी आहे, बाई. क्लोरीनचा डोस मी ठरवून दिलेला आहे. त्या पाण्याखाली एक जंतू जिवंत राहिला तर..."

ते वाक्य साहेबांनी शेकडो वेळा उच्चारलं होतं. पाहुण्यांना, शाळेच्या सहलींना, एकदा मंत्र्यांना. आज मात्र ते अर्ध्यावर अडकलं, कारण पहिल्यांदाच ते त्यांच्याच कानांपर्यंत पोचलं. समुद्रवाली स्पंज हातात धरून तशीच उभी.

"साहेब," ती म्हणाली, "पाणी गाळायचं तुम्हाला मी काय शिकवू? पण हे गाळायचं पाणी नाही. हे निवळायचं पाणी आहे. आपण गाळतो. निवळतं ते आपलं आपण." मग तिने स्पंज जागेवर ठेवला, हात पुसले. "माझं मीठ खराब आहे असं डॉक्टरांना कुणीतरी सांगितलंय. मी खाली टेम्पोत थांबते. दहा मिनिटं. तुम्ही बोलता का मी बोलू?"

आतल्या खोलीत लेक कवळीवाल्या आजोबांच्या तोंडाचं नव्याने माप घेत होती. मापाचा मसाला तोंडात घट्ट होईपर्यंत आजोबांना तोंड उघडं ठेवून गप्प पडणं भाग होतं. साहेब दारात येऊन उभे राहिले. इतकी वर्षं रोज सकाळी 'पाणी पिण्यास योग्य' या कागदावर डोळे मिटून सही करणारा माणूस. आज तो आपलाच निकाल मागे घ्यायला आला होता.

"मीठ चांगलं आहे," ते म्हणाले.

लेकीने घड्याळावरची नजर काढली नाही. "म्हणजे?"

"मीठ चांगलं, दगड चांगले, वाळू चांगली. मी रोज संध्याकाळी फिल्टर धुतो. नळाखाली. ती बाई जंतू वाढवायला सांगून गेली आणि मी रोज सहा वाजता त्यांना मारतोय."

आजोबांच्या घशातून एक आवाज आला. लेकीने त्यांच्या कपाळावर हात ठेवून त्यांना जागेवर धरलं.

"बाबा, तिने माझ्यासमोर सांगितलं होतं. हात लावू नका."

"ते लोकांसाठी सांगितलंय असं वाटलं मला."

"मग तुम्ही कोण?"

याचं उत्तर साहेबांकडे तयार होतं. एकतीस वर्षं, तीन पूर, दोन प्रशस्तिपत्रकं. ते ओठांवर आलंही. पण खाली टेम्पोत बसलेली बाई त्यांना दिसत होती, आणि दहातली सहा मिनिटं गेली होती.

"लोकच," साहेब म्हणाले. "आता लोकच."

लेकीने सांगितलं की महिन्याला तिच्याकडे असा एक तरी माणूस येतो, जो दिवसातून पाच वेळा दात घासतो, जोर लावून, कठीण ब्रशने. दात मोत्यासारखे, पण वरचा थर झिजून गेलेला. गार पाण्याचा घोट घेतला की जागच्या जागी उडतो. आणि वर तिलाच विचारतो, डॉक्टर, एवढी स्वच्छता ठेवूनही मलाच कसं? अशा माणसाला ती औषध देत नाही. ब्रश काढून घेते.

तिने हातमोजे काढले, बाहेर आली, फिल्टरच्या झाकणावर चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर आडवी सही केली. खाली जाऊन समुद्रवालीची माफी मागितली, ती वडिलांना जिन्यातून ऐकू येईल अशा आवाजात. टीव्ही महिनाभर पुढे ढकलला. पट्टी हललेली दिसली, तर त्याच दिवशी टीव्ही. आजोबांच्या तोंडातून मसाला निघाला तेव्हा त्यांचे पहिले शब्द होते, "आता मी घरी जाऊन हे सांगू कुणाला? सगळे दुपारचे झोपलेले असतील या वेळी."

यानंतरचा महिना साहेबांच्या आयुष्यातला सगळ्यात कष्टाचा. एकतीस वर्षं त्यांना काहीतरी करायचा पगार होता. आता काही न करण्याची नोकरी लागली. हात जागेवर राहीनात. कधी खिशात घालत, कधी मांडीखाली दाबून बसत. अखेर हातांचं काम तोंडाकडे आलं. शेजारच्या खुर्चीवर जो पेशंट येईल त्याला साहेब टाकीत सध्या काय चाललंय ते सांगू लागले. दिसत काहीच नसल्यामुळे सांगायला खूप होतं. या पेशंटांसारखा श्रोता जगात दुसरा नाही, हे त्यांना लवकरच कळलं. कुणाचा गाल सुजलेला, कुणाला बधिर व्हायचं इंजेक्शन दिलेलं; उलट उत्तर द्यायची कुणाची प्राज्ञा नव्हती. खात्यात साहेबांचं इतकं शांतपणे कुणीच ऐकून घेतलं नव्हतं. आणि तेही नळाखाली धुतलेल्या स्पंजापासून सगळं सांगत, स्वतःची फजिती सोडून न देता. कारण लोक हसतात ते नेमके तिथेच, आणि हसताना दाढ दुखल्याचं विसरतात, हे त्यांनी दोन दिवसांत हेरलं. शिवाय आजोबांनी ती गोष्ट एव्हाना गावभर केलीच होती. आपली आपण सांगितलेली बरी.

दुसऱ्या आठवड्यात दूध जरा पातळ झालं. तिसऱ्यात दगड दिसू लागले, पण वाळूवर तपकिरी साय धरली. साहेबांनी समुद्रवालीला फोन केला. समुद्रवालीने ती साय पाहिली आणि म्हणाली, "वा, घाण आली. छान चाललंय." साहेब दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. घरी बायकोला आश्चर्य वाटत होतं, की हा माणूस हल्ली पाणी सरळ पितो कसा. तिने एकदा मुद्दाम पेल्यात चहाची पावडर टाकून दिली. साहेब ती बोटाने बाजूला करून प्यायले आणि सडलेल्या खाण्यातून होणाऱ्या अमोनियाविषयी बोलत राहिले.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी साहेबांनी दार उघडलं आणि ते उंबऱ्यातच थबकले. टाकीत पाणी नव्हतं. दगड कोरडे ठणठणीत उभे, वाळू, मागची काच, काचेमागच्या भिंतीवरचा खिळासुद्धा स्वच्छ दिसत होता. टाकी फुटली, समुद्र वाहून गेला. साहेब गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागले. फरशी कोरडी. खुर्चीखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. खालच्या मजल्यावरच्यांच्या डोक्यावर पडलं की काय, म्हणून जिन्यापर्यंत जाऊन आले. मग परत येऊन, धीर करून, त्यांनी वरून टाकीत बोट घातलं.

बोट ओलं झालं.

साहेबांनी ते जिभेला लावलं. खारट. त्यांनी दुसरं बोट घातलं, मग दोन्ही चोळून बघितली. आयुष्यभर पाण्याचा गढूळपणा बोटांनी ओळखणाऱ्या माणसाला बोटांत काहीच लागलं नाही. झाकणावरची पट्टी होती तशी होती. त्यांनी एक थेंब घातला नव्हता, एक कण काढला नव्हता. याचा आनंद मानायचा की अपमान, हे ठरवायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तोवर ते जमिनीवरच बसून होते.

दुपारी समुद्रवाली आली. तिने छोट्या बाटल्यांत पाणी घेऊन त्यात थेंब टाकले, रंग पाहिले आणि उद्या दोन मासे आणते म्हणाली. जाताना साहेबांना विचारलं, पट्टी काढू का? साहेब घाईने नको म्हणाले.

संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर ते लेकीच्या खोलीत गेले आणि दवाखान्याची किल्ली टेबलावर ठेवली. त्यांनी मनात भाषण जुळवलं होतं. पाणी निवळलं. आता समुद्रवाली महिन्यातून दोनदा येऊन बघेल, रोज खाणं टाकायला दोन मिनिटं लागतात, ती तुझी मदतनीस टाकेल. ज्या कामाला ठेवलं होतं ते झालं, आणि खरं सांगायचं तर ते मी केलंच नाही. उगाच खुर्ची अडवून बसण्यात काही अर्थ नाही. एवढं ते बोलले, शक्य तितक्या खात्यातल्या आवाजात.

लेक हात धूत होती. तिने नळ बंद केला, वहीत पाहिलं.

"उद्या अकराला कवळीवाले आजोबा आहेत," ती म्हणाली.

"त्यांची कवळी तर बसली ना गेल्या आठवड्यात?"

"बसली. तरी वेळ घेतलीय. गुरुवारी दोन बायका आहेत, त्यांनी फोनवर विचारलं, ते पाणीवाले असतात ना बाहेर? नसतील तर पुढच्या आठवड्यात येऊ." तिने किल्ली उचलली आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात टाकली. "आणि बाबा, तुमची ती खुर्ची भिंतीकडे सरकवून घ्या. दार उघडलं की दर वेळी तिला आपटतं."

साहेब बाहेर आले. त्यांनी खुर्ची वीतभर सरकवली, दार उघडून पाहिलं, अजून थोडी सरकवली. मग तिच्या पाठीवर टांगलेला रुमाल घडी करून खिशात ठेवला, तो परत काढला, आणि होता तसाच पाठीवर टांगला.